ब्युनोस आयर्समध्ये निवांत फिरणाऱ्या जोडप्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीवर सॅक टाकून दक्षिण अमेरिकेत निघालेली बरीच जोडपी ब्युनोस आयर्सला तीन दिवस देतात आणि पुढे पातागोनियाला किंवा इग्वासूच्या धबधब्याला पळतात. ज्यांना इथे जरा राहायचंय त्यांच्यासाठी हे पान आहे. या शहरात 'हे बघाच' अशा गोष्टी मोजक्या आहेत. सकाळी उशिरा कॉफी, दुपारी झाडाखाली लोळणं, रात्री दहाला जेवण असा इथला दिवसाचा क्रम मात्र अंगवळणी पडायला वेळ लागतो. तो वेळ काढता येत असेल तर जरूर काढा.

किती दिवस ठेवावेत?

दहा ते चौदा. पहिले तीन दिवस झोप जुळवण्यात जातात, कारण भारत इथल्यापेक्षा साडेआठ तास पुढे आहे. इथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा घरी संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. आईबाबांना फोन करायला हीच वेळ सोयीची. दोन आठवडे राहिलात तर एकच रविवार हाताशी, अशी घाई होत नाही. इथला रविवार महत्त्वाचा आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

कोणत्या महिन्यात जावं?

मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर. ऋतू आपल्या उलट असतात: जानेवारीत कडक उन्हाळा, दुपारी तापमान तिशीच्या वर आणि हवा दमट. मुंबईकरांना उकाड्याचं काही वाटणार नाही, पण जानेवारीत स्थानिक लोक समुद्रकिनारी सुट्टीवर जातात आणि लहान खानावळी, दुकानं पंधरा-पंधरा दिवस बंद असतात. जुलैत दिवसा पंधरा अंशांच्या आसपास आणि पहाटे सात-आठ. बर्फ पडत नाही, पण जुन्या इमारतींमधल्या खोल्या गार पडतात. नोव्हेंबरमध्ये जॅकरांडा फुलतो आणि रस्तेच्या रस्ते जांभळे होतात. एकच महिना निवडायचा असेल तर आम्ही नोव्हेंबर सांगू. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये डेंग्यूचे डास असतात, तेव्हा डास पळवणारं मलम सोबत ठेवा.

व्हिसा आणि लस यांचं काय?

भारतीय पासपोर्टवर अर्जेंटिनाचा व्हिसा लागतो. अर्ज दिल्लीच्या दूतावासात किंवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासात होतो. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना 2025 पासून यातून सूट आहे. तरी तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा. प्रवासातील आरोग्य विमा काढा आणि त्याचा कागद छापून जवळ ठेवा.

बहुतेक जण विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे. यलो फिवरचा धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत अर्जेंटिनाही आहे. त्यामुळे भारतात परत येताना विमानतळावर लसीचं पिवळं कार्ड मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. ती घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरलं जातं, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी हे काम उरका.

तिथे पोचायचं कसं, आणि विमानतळावरून शहरात?

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा अदिस अबाबा, मग ब्राझीलमध्ये थांबा आणि शेवटी एसेइसा विमानतळ. एकूण पंचवीस ते तीस तास धरा. एसेइसा शहराच्या मध्यापासून साधारण 35 किलोमीटरवर आहे. दोघं असाल आणि रात्री पोचत असाल तर टर्मिनलच्या आतल्या अधिकृत काउंटरवर पैसे भरून टॅक्सी घ्या. दिवसा पोचलात, सामान कमी आहे आणि घाई नाही, तर 8 नंबरची शहर बस सगळ्यात स्वस्त. तिला दीड-दोन तास लागतात. देशांतर्गत विमानं बहुतेक आएरोपार्के या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. तो शहरातच, नदीकाठी आहे. पुढचं तिकीट काढताना दोन्ही विमानतळांची नावं नीट वाचा. दोन्हींमधलं अंतर कापायला गर्दीच्या वेळी दीड तासही लागतो.

कोणत्या भागात राहावं? खोली घेताना काय बघावं?

हॉस्टेलं सान तेल्मो आणि पालेर्मोत जास्त आहेत. सान तेल्मो जुनं, दगडी रस्त्यांचं, मध्यवर्ती. रात्री काही गल्ल्या सुन्या होतात. पालेर्मो हिरवंगार, खाण्यापिण्याचं आणि महाग. आठवड्यापेक्षा जास्त राहणार असाल तर आल्माग्रो किंवा विशा क्रेस्पो बघा. तिथे सुब्ते म्हणजे मेट्रो जवळ आहे, भाजीवाला कोपऱ्यावर आहे आणि पर्यटकांसाठी फुगवलेले भाव नाहीत.

जोडप्यांनी लक्षात ठेवायचं: जाहिरातीत 'दोब्ले' लिहिलं असेल तर दोन वेगळे पलंगही निघू शकतात. एकच मोठा पलंग हवा असेल तर 'मात्रिमोनियाल' हा शब्द शोधा. फ्लॅट घेतलात तर किल्ल्यांचे दोन जुडगे मागा. इथल्या इमारतींचं मुख्य दार आतून बाहेर पडतानाही किल्लीनेच उघडतं, त्यामुळे एकच जुडगा असेल तर एक जण बाहेर गेला की दुसरा आत अडकतो. जुन्या लिफ्टना जाळीची दोन दारं असतात. उतरल्यावर दोन्ही नीट ओढून लावा, नाहीतर लिफ्ट जागची हलत नाही आणि वरच्या मजल्यावरचे लोक ताटकळतात. न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी बिडे म्हणजे पाण्याने धुण्यासाठीचं बसकं भांडं असतं, ही आपल्या लोकांसाठी मोठीच सोय.

हॉटेलात परदेशी कार्डाने पैसे भरले आणि पासपोर्ट दाखवला, तर परदेशी पर्यटकांना 21 टक्के व्हॅट माफ आहे. बुकिंग करतानाच विचारा. नंतर तो परत मिळवणं अवघड जातं.

पत्ता शोधायचा कसा? रस्त्यांची नावं मध्येच बदलतात म्हणतात.

बदलतात, पण त्यामागे सरळ नियम आहे आणि तो कळला की नकाशा फारसा लागत नाही. शहर चौकोनी आखलेलं आहे. एक ब्लॉक साधारण 100 मीटरचा आणि एका ब्लॉकमध्ये घरांचे क्रमांक 100 ने वाढतात. म्हणजे कोरिएन्तेस रस्त्यावर तुम्ही 1300 जवळ उभे आहात आणि 1800 ला जायचंय, तर पाच ब्लॉक, अर्धा किलोमीटर, सात-आठ मिनिटं. पूर्व-पश्चिम रस्त्यांचे क्रमांक नदीच्या बाजूने सुरू होऊन पश्चिमेकडे वाढत जातात.

उत्तर-दक्षिण रस्त्यांचे क्रमांक रिवादाविया या लांबलचक रस्त्यापासून सुरू होतात, आणि तो ओलांडला की त्या रस्त्यांचं नावच बदलतं. फ्लोरिदाचा पेरू होतो, रेकोन्किस्ताचा देफेन्सा, काशाओचा एन्त्रे रिओस. काशाओ हा आडवा रस्ता पूर्व-पश्चिम रस्त्यांना 1800 च्या आसपासच कापतो. म्हणून सान्ता फे 1860 म्हणजे काशाओच्या अगदी जवळ, हे नकाशा न उघडता कळतं. या पत्त्यावर एल आतेनेओ ग्रँड स्प्लेन्डिड हे पुस्तकांचं दुकान आहे. 1919 च्या जुन्या नाट्यगृहात थाटलेलं, बाल्कनीत पुस्तकं आणि रंगमंचावर कॅफे.

बरेच रस्ते एकदिशा आहेत. त्यामुळे ज्या रस्त्याने बस गेली त्याच रस्त्याने ती परत येत नाही. परतीचा थांबा एक ब्लॉक सोडून समांतर रस्त्यावर शोधा.

बस आणि मेट्रो कशी वापरायची?

आधी सुबे नावाचं कार्ड घ्या. किओस्को म्हणजे कोपऱ्यावरच्या गोळ्या-सिगारेटच्या दुकानात आणि सुब्तेच्या स्टेशनांवर मिळतं. भरणाही तिथेच होतो. सुब्तेत आता बँकेचं टॅप करायचं कार्डही चालतं, तरी बससाठी सुबे असलेलं बरं. एका कार्डावर दोघांचं भाडं देता येतं: सुब्तेत एकाने टॅप करून आत जायचं आणि कार्ड मागे द्यायचं, बसमध्ये चालकाला 'दोस' म्हणजे दोन सांगायचं. दोन आठवडे राहणार असाल तर प्रत्येकाचं वेगळं कार्ड ठेवा, म्हणजे दुपारी दोघांना वेगवेगळीकडे जाता येतं. पर्यटकांच्या कार्डाची नावावर नोंदणी होत नाही, त्यामुळे भाडं स्थानिकांपेक्षा जास्त पडतं.

बसला इथे कोलेक्तिवो म्हणतात. थांब्यावर लोक रांग लावतात, ती पाळा. बस दिसली की हात करा, नाहीतर ती थांबत नाही. चढल्यावर चालकाला उतरायचं ठिकाण सांगायचं, तो यंत्रावर भाडं लावतो, मगच कार्ड टेकवायचं. न बोलता आधीच कार्ड टेकवलं की गोंधळ होतो आणि मागे रांग खोळंबते. उतरायच्या एक थांबा आधी मागच्या दाराजवळची घंटी दाबा. बस रात्रभर धावतात. सुब्ते रात्री साडेदहा-अकराला बंद होते, आणि रविवारी सकाळी उशिरा सुरू होते.

सुब्तेची ए मार्गिका 1 डिसेंबर 1913 ला सुरू झाली, लॅटिन अमेरिकेतली ही पहिली भुयारी रेल्वे. पेरू स्टेशन जुन्या धाटणीत जपलंय, एकदा तिथे उतरून बघा.

पैशांचं काय करायचं? 'ब्लू डॉलर' अजून आहे का?

इंटरनेटवरचे जुने सल्ले इथे फसवतात. 'ब्लू डॉलर' म्हणजे काळ्या बाजारातला दर: पूर्वी रस्त्यावर डॉलर बदलले की सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट पेसो मिळायचे. एप्रिल 2025 मध्ये चलनावरचे बरेच निर्बंध उठले आणि दोन्ही दरांतला फरक अगदी कमी झाला. त्यामुळे सगळी रक्कम रोख घेऊन फिरण्यात आता अर्थ नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. ज्या कार्डाला परकीय चलनाचा अधिभार कमी आहे ते न्या, आणि दोघांची कार्डं वेगवेगळ्या बँकांची असू द्या. मशीनवर हप्ते किती विचारलं तर 'उन पागो' म्हणा, एकरकमी.

तरी थोडे डॉलर असावेत. 100 च्या नोटा नव्या, कोऱ्या हव्यात. घडी, शाई किंवा शिक्का असेल तर कमी दर देतात किंवा घेतच नाहीत. एटीएम शेवटचा उपाय समजा: एका वेळी रक्कम थोडी निघते आणि दर वेळी शुल्क मोठं लागतं. अनेक दुकानांत आणि खानावळींत रोखीने दिलं तर दहा टक्के सूट असते. 'एफेक्तिवो' अशी पाटी दिसली की विचारा. पेसोतल्या किमती आम्ही इथे देत नाही, कारण महागाईमुळे काही महिन्यांतच त्या खोट्या ठरतात.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण काय विचारायचं ते माहीत हवं. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं तरी ताटात हॅम येऊ शकतं, कारण इथे बऱ्याच जणांच्या हिशेबात कार्ने म्हणजे फक्त बीफ. 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन पोशो' असं पूर्ण सांगा: मांस, हॅम, कोंबडी काही नको.

दुसरा फसणारा पदार्थ सकाळच्या नाश्त्यातला. मेदियालुना ही चंद्रकोरीसारखी पाव-पेस्ट्री दोन प्रकारची असते. 'दे मान्तेका' लोण्याची, गोड आणि मऊ. 'दे ग्रासा' चरबीची, बारीक आणि खारट. ग्रासा बहुधा बैलाची चरबी असते. एम्पानादा म्हणजे करंजीसारखा सारण भरलेला पदार्थ, त्याच्या पारीतही ती असू शकते. सारण चीज-कांद्याचं किंवा मक्याचं असलं तरी पारीबद्दल विचारा. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पिझ्झा आणि पास्त्यावर भर द्यावा.

पिझ्झा इथे इटालियन स्थलांतरितांनी आणला आणि तो जाड, चीजने ओथंबलेला झाला. फुगासेत्ता मागवा: चीज आणि भरपूर कांदा, टोमॅटो नाही. सोबत फाइना घ्या. हरभऱ्याच्या पिठाची ही भाजलेली जाड पोळी आपल्याला लगेच ओळखीची वाटते, कारण चव पोळ्यासारखीच लागते. लोक ती पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून एकत्र खातात. कोरिएन्तेस 1368 वरचं गुएरिन 1932 पासून चालू आहे. आत टेबलावर बसलात तर अख्खा पिझ्झा मागवावा लागतो, तोच काउंटरला उभ्याने तुकडा-तुकडा घेता येतो. दोघांत चार तुकडे आणि दोन फाइना म्हणजे पोट गच्च. महिन्याच्या 29 तारखेला न्योकी म्हणजे बटाट्याचे गोळे खाण्याची प्रथा आहे. त्या दिवशी ते सगळीकडे ताजे मिळतात.

स्वयंपाकघर असेल तर काम सोपं. 'दिएतेतिका' नावाची दुकानं जवळजवळ प्रत्येक वस्तीत असतात. तिथे जिरं, हळद, मसूर, छोले, बेसन सुटं मिळतं. कोथिंबीर, आलं, हिरव्या मिरच्या, टोफू बेल्ग्रानोतल्या चायनाटाउनमध्ये, आर्रिबेन्योस रस्त्यावर. तिखटासाठी लिनिएर्समधला बोलिव्हियन बाजार बघा, कारण साध्या भाजीवाल्याकडच्या मिरच्या बेचव असतात. दही घेताना डब्यावर 'नातुराल' आणि 'सिन असुकार' असल्याची खात्री करा, नाहीतर गोड निघतं. घरून मसाल्याची बंद पाकिटं न्या. ताजी फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ आणि कढीपत्ता मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. सुपरमार्केटात प्लॅस्टिकची पिशवी मिळत नाही, आपली कापडी घेऊन जा.

आइस्क्रीम किलोवर मिळतं. दोघांना पाव किलो पुरतं, त्यात साधारण तीन चवी निवडता येतात. एक तरी दुल्से दे लेचे, म्हणजे आटवलेल्या गोड दुधाची घ्या.

जेवणाच्या वेळा काय आहेत?

रात्री आठच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही, आणि आठला गेलात तर तुम्ही दोघंच असता. खरी गर्दी साडेनऊनंतर. तोवर भूक काढायला संध्याकाळी पाच ते सातमध्ये 'मेरिएन्दा' असते, कॉफी आणि काहीतरी गोड. बिलात 'कुबिएर्तो' म्हणून पाव आणि मांडणीचे पैसे लावतात. ती टीप नव्हे, टीप दहा टक्के वेगळी, रोख.

रमतगमत दिवस घालवायचा तर कसा आखावा?

दिवसाला एकच वस्ती, एकच मोठं ठिकाण, आणि दुपारी दोन तास काहीच नाही. चार नमुने देतो.

पहिला, मायो चौकातून काँग्रेसपर्यंत. प्लासा दे मायोला सुरुवात करा: गुलाबी राष्ट्राध्यक्ष भवन, काबिल्दो म्हणजे वसाहतकाळातलं जुनं नगरभवन, आणि कॅथेड्रल, ज्यात स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी सान मार्तिनची समाधी आहे. जमलं तर गुरुवार निवडा. 1977 मध्ये, लष्करी राजवटीत गायब केलेल्या मुलांच्या आया इथे जमू लागल्या आणि गुरुवारी दुपारी साडेतीनला चौकातल्या पिरॅमिडला फेऱ्या घालण्याची ती प्रथा आजही चालू आहे. जमिनीवर त्यांच्या पांढऱ्या रुमालांची चित्रं आहेत. शांतपणे बाजूला उभं राहा किंवा सोबत चाला, पण चेहऱ्यासमोर मोबाइल धरू नका. पुढे आवेनिदा दे मायोवरून पश्चिमेला जेमतेम दीड किलोमीटर. वाटेत 1858 चं काफे तोर्तोनी, बाहेर नेहमी रांग. कॉफीसाठी रांगेत उभं राहायची गरज नाही, शहरात अशी जुनी, पालिकेच्या संरक्षित यादीतली कॅफे बरीच आहेत. रिवादाविया आणि मेद्रानोच्या कोपऱ्यावरचं लास व्हिओलेतास 1884 चं आहे, रंगीत काचांचं, आणि ऐसपैस. मग 9 दे खुलिओ हा 140 मीटर रुंद रस्ता ओलांडायचा. एका सिग्नलमध्ये तो पार होत नाही, मधल्या बेटावर थांबा. शेवटी पालासिओ बारोलो, 1923 ची 100 मीटर उंच इमारत. तिच्या माथ्यावरच्या दिव्यापर्यंत मार्गदर्शकासोबतच जाता येतं, आधी नोंदणी करा.

दुसरा, रेकोलेता. 1822 मधलं स्मशान, घरांसारख्या संगमरवरी थडग्यांच्या गल्ल्यांचं. परदेशी लोकांना तिकीट आहे. राष्ट्राध्यक्ष पेरोनची पत्नी एव्हा पेरोन हिची कबर शोधताना 'दुआर्ते' हे माहेरचं नाव शोधा, पेरोन नव्हे. तिथून चालत राष्ट्रीय कला संग्रहालय, आणि मागे फ्लोरालिस हेनेरिका हे 2002 मधलं धातूचं 23 मीटर उंच फूल.

तिसरा, पालेर्मो. डी मार्गिकेने प्लासा इतालियाला उतरा. समोर कार्लोस थाइसने उभारलेलं 1898 चं वनस्पती उद्यान, फुकट. मग गुलाबबाग आणि तळी. चटई, थर्मास, पुस्तक घेऊन जा आणि चार तास पडून राहा. इथले लोक शनिवार-रविवारी हेच करतात.

चौथा, चाकारिता. रेकोलेताहून कितीतरी मोठं स्मशान, पर्यटक जवळजवळ नाहीत. टँगो गायक कार्लोस गार्देलच्या पुतळ्याच्या बोटांत लोक पेटती सिगारेट ठेवून जातात.

रविवारी काय करावं?

सान तेल्मोचा बाजार. प्लासा दे मायोपासून देफेन्सा रस्त्यावरून दक्षिणेला प्लासा दोर्रेगोपर्यंत दुकानं लागतात. अकराच्या आत पोचा, दोननंतर पाय ठेवायला जागा नसते. जुने सोडावॉटरचे रंगीत सायफन सगळ्यांना घ्यावेसे वाटतात, पण ते जड आणि काचेचे. सॅकमध्ये फुटतात. दुसऱ्या रविवारी मातादेरोसचा मेळा बघा: शहराच्या पश्चिम टोकाला, घोडेस्वार, लोकनृत्यं, गावाकडचं खाणं. उन्हाळ्यात त्याचं वेळापत्रक बदलतं.

सोमवारी किंवा पावसात?

बहुतेक संग्रहालयं, वनस्पती उद्यान आणि नदीकाठचं साडेतीनशे हेक्टरांचं पर्यावरण राखीव क्षेत्र सोमवारी बंद असतं. राखीव क्षेत्र पावसानंतरही बंद ठेवतात. माल्बा संग्रहालय मंगळवारी बंद. सोमवार कपडे धुण्याला, कोरिएन्तेसवरची जुनी पुस्तकं चाळण्याला आणि कोलोन नाट्यगृह बघण्याला ठेवा. ते 1908 मध्ये उघडलं, आतली फेरी सुमारे पन्नास मिनिटांची. कार्यक्रमाला सगळ्यात वरच्या मजल्यावर उभ्याची तिकिटं स्वस्त मिळतात, आणि ध्वनी तिथेही उत्तम ऐकू येतो.

पाऊस थांबल्यावर पदपथ बघून चाला. सुट्या फरशांखाली पाणी साचतं, पाय पडला की गुडघ्यापर्यंत उडतं.

माते कसा करायचा?

माते म्हणजे येर्बाच्या वाळक्या पानांवर गरम पाणी ओतून नळीने ओढायचं इथलं पेय. भोपळ्याच्या किंवा लाकडी पेल्यात येर्बाची पानं दोन तृतीयांश भरा. पेल्याच्या तोंडावर हात ठेवून तो उलटा करून हलवा, बारीक भुकटी वर येते. पेला तिरका धरून पानांचा एका बाजूला उतार करा. रिकाम्या बाजूला थोडं कोमट पाणी घालून मिनिटभर मुरू द्या, तिथे धातूची नळी रोवा. मग 70 ते 80 अंशांचं पाणी त्याच जागी थोडं थोडं ओता. उकळतं पाणी घातलं की चव कडू होते आणि दोन-तीन ओतण्यांतच जीव जातो. नळीने ढवळू नका, ती तुंबते. एकच पेला सगळ्यांत फिरतो, भरणारा एकच असतो. दिलेला पेला पूर्ण संपवून त्यालाच परत द्यायचा. 'ग्रासियास' म्हणालात की आता पुरे असा अर्थ होतो, म्हणून शेवटीच म्हणा.

टँगो बघायचा की शिकायचा?

दोन्ही, पण जेवणासकट होणाऱ्या महागड्या शोपेक्षा मिलोंगाला जा. मिलोंगा म्हणजे सामान्य लोक नाचायला जमतात ती जागा. बहुतेक ठिकाणी आधी तास-दीड तास वर्ग असतो, तिकिटातच. नवख्यांनी पालेर्मोतली ला व्हिरुता किंवा सार्मिएन्तो 4006 वरची ला कातेद्राल निवडावी. बेल्ग्रानोच्या बारांकास बागेतल्या गोल मंडपात उघड्यावर नाच होतो, तिथे प्रवेश फुकट.

शिस्त समजून घ्या. संगीत तीन-चार गाण्यांच्या संचात वाजतं, त्याला तांदा म्हणतात. मध्ये वेगळ्या संगीताचा छोटा तुकडा येतो तेव्हा सगळे जागेवर परततात. नाचाचं आमंत्रण दुरूनच, नजर भिडवून आणि मान हलवून देतात. ज्याच्याबरोबर नाचायचं नाही त्याच्याकडे बघायचं नाही, इतकं सोपं. तांदा अर्ध्यात सोडणं अपमानाचं मानतात. फ्लोअरवर घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, मध्ये थांबून बायकोला स्टेप शिकवत बसायचं नाही, मागच्या जोड्या अडतात. दोघं एकत्र बसलात तर तुम्ही फक्त एकमेकांसोबत नाचणार असं सगळे समजतात. इतरांबरोबर नाचायचं असेल तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा. रबरी तळाचे बूट पाय अडकवतात आणि गुडघा पिरगळतो, गुळगुळीत तळाचे घाला. गर्दी मध्यरात्रीनंतर, त्यामुळे त्या दिवशी दुपारी झोप काढा.

शहर सुरक्षित आहे का?

दिवसा बऱ्यापैकी, डोळे उघडे ठेवले तर. मुख्य धोका मोबाइलचा: मोटारसायकलवरून हिसकावतात, किंवा कॅफेच्या बाहेरच्या टेबलावरून उचलतात. नकाशा बघायचा तर दुकानात शिरून बघा. अंगावर काहीतरी घाण उडवून 'पुसून देतो' म्हणणारे जोडीने येतात. थांबू नका, चालत राहा. गर्दीत सॅक पोटावर घ्या, स्थानिकही घेतात. ला बोकात कामिनितो ही रंगीत गल्ली आणि फुटबॉलच्या मैदानाचा परिसर दिवसाच बघा, आडगल्ल्यांत शिरू नका आणि अंधाराआधी बसने निघा. कोन्स्तितुसिओन आणि ओन्से भागात रात्री रेंगाळू नका. पोलिसांसाठी 911, रुग्णवाहिकेसाठी 107.

एखादा दिवस शहराबाहेर?

तिग्रे. रेतिरो स्टेशनातून मित्रे मार्गाची लोकल, तासाभराचा प्रवास. तिथून पाराना नदीच्या त्रिभुज प्रदेशात शिरणाऱ्या लाकडी प्रवासी बोटी सुटतात. पर्यटकांच्या फेरीपेक्षा बेटांवरचे रहिवासी वापरतात ती 'लांचा कोलेक्तिवा' घ्या, त्रेस बोकासला उतरा, पायवाटांनी फिरा. उतरतानाच बोटवाल्याला परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारा. आग्नेय वारा जोरात असेल तर पाणी चढतं आणि वाटा बुडतात, त्या दिवशी बेत बदला.

त्याच मार्गावर सान इसिद्रो लागतं. 1924 मध्ये पेरूला निघालेले रवींद्रनाथ ठाकूर आजारी पडून ब्युनोस आयर्सला थांबले, तेव्हा लेखिका व्हिक्तोरिया ओकाम्पोने त्यांची सोय इथल्याच मिरालरिओ बंगल्यात केली होती. तिचं स्वतःचं घर, व्हिशा ओकाम्पो, आज संग्रहालय आहे आणि आठवड्याचे काहीच दिवस उघडं असतं. भारतीय वाचकांनी तो अर्धा दिवस नक्की काढावा.

बोटीने नदीपलीकडे उरुग्वेतल्या कोलोनियालाही जाता येतं, पण तो वेगळा देश. त्याचे व्हिसाचे नियम वेगळे, आणि तुमचा अर्जेंटिनाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येता येणार नाही.

कपडे, प्लग, पाणी, फोन?

'लाव्हादेरो'त टोपलीच्या मापाने कपडे धुऊन, वाळवून, घड्या करून देतात. दोघांचे आठवड्याचे कपडे एका-दोन टोपल्यांत मावतात. वाळवणी गरम असते, लोकरीचं वेगळं काढा. वीज 220 व्होल्ट, पण भिंतीतल्या सॉकेटला तिरप्या चपट्या पट्ट्या लागतात, आपली तीन गोल पिनांची पिन बसत नाही. ऑस्ट्रेलियाला चालतो तो अडॅप्टर बसतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून कंपनीच्या दुकानात घ्या.

स्पॅनिश येत नाही, चालेल का?

हॉस्टेलात चालेल, बसमध्ये आणि भाजीवाल्याकडे नाही. आकडे एक ते शंभर, 'कुआन्तो एस' (किती झाले) आणि 'कुएन्ता, पोर फावोर' (बिल द्या) पाठ करा. इथे दोन एल आणि वाय यांचा उच्चार 'श' करतात. पाटीवर 'काल्याओ' वाचून विचारलंत तर समोरच्याला कळायला वेळ लागतो.

परत निघताना?

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचा, आणि संप किंवा मोर्चा जाहीर झालाय का हे आदल्या रात्री बघा. 9 दे खुलिओ अडला की एसेइसाला पोचायला दुप्पट वेळ लागतो. उरलेले पेसो भारतात कुणी बदलून देत नाही, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत हॉस्टेलचं बिल त्यातून भागवा. पिवळं कार्ड सामानात टाकू नका, पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा.